शिकलगार ते सतारमेकर

'कारखाना' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो फारसीतून आला, हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही. कार म्हणजे काम आणि खाना म्हणजे जागा. काम चालते ती जागा म्हणजे कारखाना, एवढाच त्याचा साधा अर्थ. मराठी राज्यात अठरा कारखाने आणि बारा महाल असत. तोफखाना होता, नगारखाना होता, पीलखाना होता, मुदपाकखानाही होता. कारखान्याला धुराडे असलेच पाहिजे, ही समजूत मागाहून आली.

आम्ही ट्रॉम्ब्याकडचे. आमच्याकडे कारखाना म्हटला की धुराडेच डोळ्यांपुढे येते. जुन्या तुर्भे गावाच्या शेजारी १९५४ साली अणुशक्ती संशोधनाचे केंद्र उभे राहिले. १९५६ साली तिथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. त्याच सुमारास माहुलच्या बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, टाटांचे वीजकेंद्र आले, आणि १९६५ साली खतांचा कारखाना आला. पुढे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, जनता कॉलनी उठवून हजारो कुटुंबे चीता कॅम्पमध्ये आणून टाकली. त्यांत आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने होती. या मोठ्या कारखान्यांच्या नोंदी आहेत, छायाचित्रे आहेत, उद्घाटनाच्या शिळा आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत बसून हाताने काम करणाऱ्याच्या नावाची शिळा कुठेच नसते. मुसलमान समाजातील बहुसंख्य कष्टकरी नोकरीपेक्षा स्वतःच्या हातच्या धंद्यावर जगतात, असे सच्चर समितीने २००६ साली आकडेवारीनिशी सांगितले. त्याआधी ते कुणाला दिसत नव्हते असे नाही. पण ज्याला दप्तर नाही त्याला इतिहास नाही, अशी आपल्याकडची रीत आहे.

म्हणून या वेळी आम्ही एका छोट्या लाकूडकामाच्या कारखान्याचा इतिहास मांडणार आहोत. कारखाना एक म्हणावा की पन्नास, हा प्रश्नच आहे. एका गल्लीत शेजारी शेजारी बसणारी ही घरे आहेत आणि सगळ्या घरांत एकच काम चालते. गाव मिरज, जिल्हा सांगली. काम तंबोरे आणि सतारी करण्याचे. करणारे मुसलमान, जातीने शिकलगार.

शिकलगार या शब्दाचे मूळ अरबीतील 'सैकल' या शब्दात आहे. सैकल म्हणजे घासूनपुसून चकाकी आणणे. हत्याराला धार लावणारा आणि पाते आरशासारखे करणारा तो सैकलगर. मराठीच्या तोंडी तो शिकलगार झाला. मिरजेचा किल्ला आदिलशाहीत होता, पुढे मोगलांकडे गेला, शाहू महाराजांच्या काळात मराठ्यांकडे आला आणि १७६१ नंतर पटवर्धनांची जहागीर झाली. धनी बदलले, पण तलवारीला धार लावणारा शिकलगार सर्वांनाच लागत होता. पटवर्धन म्हणजे पेशवाईतील मोठे लष्करी सरदार. त्यांच्या फौजेची हत्यारे दुरुस्त करणे, नवी पाती बसवणे, मुठी घडवणे, म्याने करणे ही कामे या घराण्यांकडे होती. मुठीला आणि म्यानाला लाकूड लागते. म्हणजे लोखंडाबरोबर लाकडाचीही जाण त्यांच्या हाताला होती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

१८१८ साली पेशवाई गेली. मिरज संस्थान राहिले, पण लढाया संपल्या. लढाई नाही तिथे धार लावण्याचे काम किती निघणार? त्यावर १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी निःशस्त्रीकरणाचा कायदा आणला. त्याचा सर्वांत मोठा फटका दक्षिण महाराष्ट्र आणि त्याला लागून असलेल्या कानडी मुलखाला बसला. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी हत्यारे देण्यास नकार देऊन नोव्हेंबर १८५७ मध्ये बंड केले आणि त्यांचे गाव जाळण्यात आले. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना जून १८५८ मध्ये फासावर चढवले. त्यानंतर १८७८ साली हत्यारांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हाच गुन्हा झाला. इतिहासाच्या पुस्तकांत या घटना बंडखोरांच्या बाजूने किंवा सरकारच्या बाजूने सांगितल्या जातात. तलवार घडवणाऱ्याच्या घरात त्या रात्री चूल पेटली की नाही, हा प्रश्न तिथे येत नाही. शिकलगार, घिसाडी, म्याने मढवणारे, ढाली करणारे असे कितीतरी हात एका कायद्याने रिकामे झाले. कुणी विळे आणि अडकित्ते करू लागले, कुणी सहाण खांद्यावर घेऊन दारोदार सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरू लागले. आजही ते फिरताना दिसतात.

मिरजेच्या शिकलगारांनी वेगळी वाट धरली.

घराण्यांत सांगितली जाते ती हकीकत अशी. १८५० च्या आसपास मिरजेच्या गादीवर बाळासाहेब पटवर्धन होते. त्यांना गाण्याचा नाद होता. दरबारात उत्तरेकडचे गवई आणि सतारिये येत. पण वाद्य बिघडले तर ते दुरुस्त करणारा माणूस या मुलखात नव्हता, वाद्य उत्तरेकडे पाठवावे लागे. राजेसाहेबांनी फरीदसाहेब शिकलगार यांना बोलावून विचारले की, तुमचा हात इतका नाजूक चालतो, तर हे जमेल का? फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोईनुद्दीन यांनी ते वाद्य खोलून पाहिले, समजून घेतले आणि दुरुस्त करून दिले. मग दुरुस्तीवरून ते नवे वाद्य करण्यावर गेले. त्या घराण्यांचे आडनाव पुढे सतारमेकर पडले. फारसी सतार आणि इंग्रजी मेकर यांचा हा जोड मराठी मुलखातील मुसलमानाच्या नावामागे लागला. एका आडनावात तीन-चार राज्यवटी बसल्या, असे आम्ही गमतीने म्हणतो.

या हकीकतीत राजाची गुणग्राहकता आहे आणि कारागिराची हुशारी आहे. दोन्ही खरी मानायला आमची हरकत नाही. पण काळाची सांगड घालून पाहिली तर पोटाची गरज हे तिसरे कारणही स्पष्ट दिसते. ज्या वीस-तीस वर्षांत तलवारीचा धंदा बसला, त्याच वर्षांत सतारीचा उभा राहिला. हा बदल रसिकतेने जितका घडवला तितकाच तो कायद्याने घडवला, असे आमचे मत आहे. राजाश्रयाच्या गोष्टी सांगताना ही बाजू झाकली जाऊ नये.

आणि हे सारे शून्यातून आले असेही नाही. मिरज ज्या आदिलशाहीत होती, त्या आदिलशाहीचा दुसरा इब्राहीम हा सुलतान १५८० ते १६२७ या काळात विजापूरच्या तख्तावर होता. त्याने 'किताब-ए-नवरस' हा गीतांचा ग्रंथ दख्खनीत रचला. त्याचा एक लाडका तंबोरा होता आणि त्याला त्याने नाव दिले होते मोतीखान. सुलतान हत्तींना नावे देतात हे ठाऊक होते, वाद्याला खानाची पदवी देणारा सुलतान मात्र दुर्मीळच. संगीत जायज की नाजायज हा वाद आपल्यात जुना आहे. तो मिटवणे हा या लेखाचा विषय नाही. पण दख्खनच्या मुसलमानांनी हा वाद चालू ठेवूनच तीन-चारशे वर्षे वाद्ये घडवली, गायली आणि ऐकली, एवढे इतिहास सांगतो. (सतारीचा शोध अमीर खुस्रोने लावला असे आपण वर्षानुवर्षे भाषणांतून सांगतो. संशोधकांचे बोट मात्र अठराव्या शतकातील दिल्लीच्या खुसरो खाँकडे जाते. नावाच्या सारखेपणाने घोटाळा झाला. खुस्रोची थोरवी सतारीवाचूनही पुरेशी आहे.)

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. तंबोरा म्हणजे एक भोपळा, एक लाकडी दांडी आणि चार तारा, असे वरवर दिसते. यातील प्रत्येक गोष्टीला स्वतःचा मुलूख आहे.

भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूने, भीमेच्या काठच्या रानांतून. हा भाजीचा भोपळा नव्हे. याची साल जाड आणि गर कडू असतो, खाण्याच्या कामी तो येत नाही. शेतकऱ्याला वेलावरच तो जपावा लागतो. एका कुशीवर पडून राहिला तर त्या बाजूला चपटा होतो आणि तो बाद. म्हणून त्याला नीट बसवून, खाली गवत घालून, पूर्ण वाळेपर्यंत वेलावर ठेवतात. चांगल्या मोठ्या तंबोऱ्याच्या भोपळ्याचा घेर चार फुटांच्या आसपास असतो. एवढा मोठा, गोल आणि निर्दोष भोपळा एका वेलाला किती येणार? शेतकऱ्याच्या दृष्टीने हे जोखमीचे पीक आहे. १९२७ साली बार्शी लाईटची छोटी गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली. विठोबाच्या यात्रेकरूंची ती गाडी. ती ज्या मुलखातून येई तोच हा भोपळ्यांचा मुलूख.

कारखान्यात आलेला भोपळा माळ्यावर चढतो आणि महिनोन् महिने, कधी वर्षभर आणि त्याहून जास्त, तिथे वाळत राहतो. मग त्याचे तोंड कापायचे, आतला वाळलेला गर आणि बिया काढायच्या, पाण्यात भिजवून तो मऊ करायचा आणि आतून काठ्यांचे टेकू देऊन त्याला हवा तो गोलवा द्यायचा. पुन्हा वाळवायचा. भोपळा निसर्गाने दिलेला असतो, पण त्याचा तुंबा कारागीर करतो.

दांडीला आणि तबलीला लाकूड लागते ते तून नावाच्या झाडाचे. वजनाला हलके, रंगाला तांबूस, वास सुगंधी आणि किडीला न आवडणारे असे हे लाकूड. ते कर्नाटकाच्या जंगलांतून येते. दांडी आतून पोकळ कोरतात आणि वर पातळ फळी बसवतात. भोपळा आणि दांडी यांना जोडणारा तो गळा. भोपळ्याच्या तोंडावर बसते ती तबली. तबली सपाट फळीची नसते. जाड फळीतून ती अशी कोरून काढतात की मध्ये किंचित फुगीर राहावी आणि जाडी जागोजागी कमी-जास्त असावी. बोटाने टिचकी मारून, आवाज ऐकून तासायचे. इथे मोजपट्टी उपयोगाची नाही. शेवटी चपड्याचे पॉलिश, वरचे नक्षीकाम, खुंट्या आणि सूर बारीक मिळवायचे मणी.

नक्षीला आणि घोडीला पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९८६ मध्ये देशी हस्तिदंताचा आणि १९९१ मध्ये बाहेरून आणलेल्या हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. कायदा योग्यच होता. कारागिरांनी दुसरे जिन्नस शोधले, हाडाचे, प्लास्टिकचे, कठीण लाकडाचे. जुन्या घोडीचा आवाज येत नाही असे बुजुर्ग म्हणतात. नव्या घोडीवर तयार झालेले कान तसे म्हणत नाहीत.

पण या साऱ्याहून अवघड काम आहे ते जवारीचे. घोडी म्हणजे तारा ज्यावरून जातात तो लहानसा चौरंग. त्याचा माथा पूर्ण सपाट असेल तर तार मुकी राहते, जास्त उतरता असेल तर खणखणते. कानशीने आणि पॉलिश कागदाने तो इतका अल्प वळवायचा की तार थरथरताना त्याला हलकेच घासत राहील. मग प्रत्येक तारेखाली सुताचा दोरा सरकवून अशी एक जागा सापडते की चार तारांतून चाळीस सूर निघू लागतात. षड्ज छेडावा आणि त्यातून गंधार ऐकू यावा, ही ती करामत. धातू घासून त्याच्या पृष्ठभागावर केसाएवढी वळण आणणे हे तर शिकलगाराचे पिढीजात काम. तलवारीच्या पात्यावर चालणारी कानस घोडीवर आली. उत्तरेतून वाद्याचा नमुना आला असेल, पण मिरजेचा तंबोरा बोलू लागला तो शिकलगाराच्या कानशीमुळे, असे आम्हाला वाटते.

सतार घ्यायची तर कोलकात्याची किंवा दिल्लीची, असे म्हणणारे वादक पुष्कळ आहेत. तंबोरा घ्यायचा तर मिरजेचा, याबद्दल मात्र फारसा मतभेद ऐकू येत नाही. तंजावरलाही तंबोरे होतात, पण ते फणसाच्या लाकडाचे. भोपळ्याच्या तंबोऱ्यात मिरजेला जोड नाही.

हे घडायला मिरजेचे भूगोल-इतिहास दोन्ही कारणीभूत झाले. १८८० नंतरच्या दशकात रेल्वे आली आणि मिरज जंक्शन झाली. पुणे, हुबळी, कोल्हापूर अशा तिन्ही बाजूंनी गवई येत-जात राहिले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते. त्यांच्याकडे शिकून विष्णु दिगंबर पलुस्करांनी १८९६ साली मिरज सोडली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यातून गावोगाव संगीताच्या शाळा निघाल्या आणि प्रत्येक शाळेला तंबोरे लागू लागले. संस्थानिकांच्या दरबाराऐवजी मध्यमवर्गीयांची शाळा हे नवे गिऱ्हाईक झाले. दुसरीकडे संगीत नाटक जोरात होते. १९०५ साली बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळीत पहिले पाऊल टाकले तेही मिरजेतच.

आणि मग खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. जन्म १८७२ सालचा, उत्तर प्रदेशातील किराणा गावचा. प्लेगच्या दिवसांत आजारी होऊन ते मिरजेला आले आणि ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात बरे झाले, अशी हकीकत सांगतात. पुढे त्यांनी मिरजेतच घर केले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी १९१० च्या सुमारास बावीस श्रुतींचे प्रयोग केले, तेव्हा त्यांना गळा लागला तो खाँसाहेबांचा. तंबोऱ्याच्या सुराबद्दल त्यांच्याइतका काटेकोर गवई विरळा. वाद्य स्वतः खोलून दुरुस्त करण्याची त्यांना हातोटी होती. असा माणूस गल्लीच्या तोंडाशी राहत असेल तर कारागिराची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. किराणा घराण्याचे सारे गाणे सुराच्या लावावर उभे आहे आणि तो लाव तंबोऱ्यावर. सवाई गंधर्व, सुरेशबाबू माने, मिरजेतच १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर, आणि पुढे सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, या सगळ्यांच्या मागे बसलेले जोडतंबोरे आठवावेत. त्यांच्या गाण्यावर ग्रंथ लिहिले गेले. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर गवयाचे नाव असते, तबलजीचे असते, पेटीवाल्याचे असते, कधी तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याचेही असते. तो तंबोरा करणाऱ्याचे नसते.

खाँसाहेबांचा शेवट २७ ऑक्टोबर १९३७ रोजी झाला. पाँडिचेरीकडे जाताना रेल्वेत छातीत कळ आली म्हणून ते सिंगपेरुमल कोइल या लहान स्टेशनावर उतरले. फलाटावर बिछाना घातला, तंबोरा लावायला सांगितला, दरबारीच्या सुरांत अल्लाची प्रार्थना केली आणि तिथेच देह ठेवला, असे त्यांच्या शिष्यपरिवारात सांगतात. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केले. तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. चिंचेच्या झाडाखाली बसून देशातील मोठमोठे गायक तिथे गाऊन गेले. कोणी मानधनासाठी येत नाही, हजेरी लावायला येतात. त्याच उरुसात पहिला गलेफ चढवण्याचा मान चर्मकार समाजाकडे आहे. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीतसभा होते, तिथेही मिरजेचेच तंबोरे.

या शहराचे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर मात्र वेगळ्या कारणाने गेले. २००९ च्या गणेशोत्सवात एका कमानीवरील चित्रावरून मिरजेत दंगल पेटली, संचारबंदी लागली, आसपासच्या गावांत लोण गेले. ज्यांनी मिरज कधी पाहिली नव्हती त्यांच्या मनात त्या दिवसांपासून तीच मिरज बसली. आम्ही त्या दंगलीवर पडदा टाकावा असे म्हणत नाही. पण दीडशे वर्षे एका गल्लीतून निघालेली वाद्ये देशभरच्या देवळांत, मैफलींत आणि शाळांत पोचली, ही बातमी कधी पहिल्या पानावर आली नाही, हेही सांगितले पाहिजे. याच कारागिरांनी भजनी वीणाही केल्या. आषाढीच्या वाटेवर विणेकऱ्याच्या गळ्यात असलेली वीणा कोणी केली, हे विणेकऱ्याला विचारण्याची गरज पडत नाही. करणाऱ्यालाही सांगण्याची गरज वाटत नाही. भोपळा भीमाकाठचा, हात शिकलगाराचा, वाट पंढरीची. आपल्या व्यासपीठांवर गंगाजमनी संस्कृती हा शब्द फार स्वस्त झाला आहे. इथे तो शब्द वापरला नाही तरी चालते, कारण इथे रोजगार आहे आणि रोजगारात हिशेब लागतो.

तो हिशेब आता कठीण झाला आहे.

१९७९ मध्ये बंगळूरच्या एका इंजिनिअरने विजेवर चालणारा तानपुरा केला. पुढे तो डबीएवढा झाला. आता तो मोबाइलमध्ये आहे आणि पुष्कळदा फुकट आहे. शिकाऊ विद्यार्थ्याला घरी चार-पाच फुटांचे नाजूक वाद्य ठेवणे परवडत नाही, मुंबईच्या खोलीत तर त्याला उभे करायलाही जागा नसते. त्याचा दोष नाही. पण पहिला तंबोरा घेणारा विद्यार्थी हेच या कारखान्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. सतारीला १९६०-७० च्या दशकांत पंडित रविशंकरांमुळे परदेशी मागणी आली. त्या वाऱ्यावर बरीच वर्षे काम निघाले. २०२० आणि २०२१ ही टाळेबंदीची दोन वर्षे मैफली बंद, शाळा बंद, उरुसही बंद अशी गेली.

यंत्राने तंबोरा होईल का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दांडी कोरणे, फळी तासणे ही कामे यंत्राला देता येतात आणि काही ठिकाणी दिलीही आहेत. त्यात वाईट काही नाही, पाठीचे दुखणे तरी कमी होते. पण प्रत्येक भोपळा वेगळा असतो. त्याच्या घेराप्रमाणे गळा, गळ्याप्रमाणे तबली आणि तबलीप्रमाणे घोडी करावी लागते. एकाच मापाची शंभर नगे इथे निघत नाहीत. मग प्रश्न येतो शिकण्याचा. पोराला साध्या कामात हात बसायला चार-पाच वर्षे लागतात आणि जवारीचा कान तयार व्हायला त्याहून अधिक. तेवढ्या वर्षांत त्याचा सोबती औद्योगिक वसाहतीत महिन्याच्या महिन्याला पगार घेऊ लागतो. घराण्यांतील मुले शिकली, इंजिनिअर झाली, बाहेरगावी गेली. त्यांनी शिकू नये असे कोण म्हणेल? आपल्या समाजाने शिक्षणासाठी इतकी वर्षे कंठशोष केला तो याचसाठी. पण शाळेतला दाखला आणि हातातला हुन्नर यांतील एकच निवडावा लागतो, ही आपल्या शिक्षणाची मांडणी चुकीची आहे. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवतात, वाद्यांचे सुतारकाम शिकवण्यास हरकत कसली? संगीत विशारद होणाऱ्याला रागांचे समय पाठ करावे लागतात. घोडी कशी बसवतात हे त्याला एकदा तरी दाखवावे, अशी आमची सूचना आहे.

अलीकडे एक चांगली गोष्ट घडली. ३० मार्च २०२४ रोजी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे मानांकन 'मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टर' या कारागिरांच्या संस्थेच्या नावे आहे, तंबोऱ्याचे दुसऱ्या एका उत्पादक संस्थेच्या नावे. त्या वेळी संस्थेने सांगितले की साडेचारशेहून अधिक कारागीर या कामात आहेत, त्यांत दहा स्त्रिया आहेत. महिन्याला साठ-सत्तर सतारी आणि शंभराच्या आसपास तंबोरे होतात. तंजावरच्या वीणेला हे मानांकन २०१३ सालीच मिळाले होते. मिरजेला अकरा वर्षे उशीर झाला, पण झाले.

मानांकनाने काय होते? दुसऱ्या गावी केलेल्या वाद्यावर मिरजेचा शिक्का मारून विकता येत नाही, मारला तर दाद मागता येते. दाद मागायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे, ही गोष्ट वेगळी. त्या मानांकनाने तून लाकूड स्वस्त होत नाही आणि भीमाकाठच्या शेतकऱ्याने ऊस सोडून भोपळा लावावा, असा नियमही होत नाही. काठाच्या रानांना पाणी मिळाले तसा ऊस वाढला. भोपळ्याचे पीक घेणारी घरे मोजकीच. त्यांना आगाऊ रक्कम देऊन बांधून ठेवावे लागते. हंगामात भोपळा घ्यावा लागतो, कारण पुढे तो मिळत नाही. लाकूड घेऊन मुरवत ठेवावे लागते. म्हणजे आज विकल्या जाणाऱ्या तंबोऱ्यातील भांडवल दीड-दोन वर्षांपूर्वी घातलेले असते. बँक विचारते की माल कुठे आहे. माळ्यावर टांगलेले भोपळे दाखवले तर त्यांचे तारण होत नाही. तेव्हा पैसा येतो तो व्यापाऱ्याकडून, आणि तयार वाद्य त्यालाच त्याच्या भावाने द्यावे लागते. मुंबई-पुण्याच्या दुकानात त्याच वाद्याची किंमत कितीतरी वाढलेली असते. संस्थेने एकत्र खरेदी करून लाकूड आणि भोपळे साठवण्याची सोय उभी केली, आणि त्या साठ्यावर सहकारी बँकेने कर्ज दिले, तर निम्मा प्रश्न सुटेल. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या कांडीवर कर्ज मिळते, हळदीच्या पोत्यावर मिळते. सांगलीच्या पेवांत साठवलेल्या हळदीवर तर पिढ्यान् पिढ्या व्यवहार झाले. भोपळ्यावर ते का होऊ नयेत, हा प्रश्न मिरजेच्या गल्लीतून सांगलीच्या बँकेपर्यंत जायला हवा. अंतर अवघे तीन कोसांचे आहे.